सूपभर भाताचा कदम

धोंडूभाऊ कदम बोलायचे आपल्याशी, पण बघायचे आपल्या खांद्यावरून मागे. तिथे आणखी कोणी रांगेत उभं असावं असं. आपण आडनाव सांगितलं की डोळे बारीक करून विचारत, "हे झालं आत्ताचं. मागच्या स्टॉपला काय होतात?" पहिल्यांदा हा प्रश्न ऐकला तेव्हा मी खरोखर वळून पाहिलं होतं.

तीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केलेला माणूस. बायको गेलेली, मुलगा बिरवाडीला कारखान्यात. निवृत्त झाल्यावर नातवंडं खेळवायची सोडून ते महाडच्या आमच्या कचेरीत, रेकॉर्ड रूममध्ये येऊन बसू लागले. ही सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवची गोष्ट, आणि मी तिथला कारकून. पोलादपूरकडच्या गावांची जुनी जन्ममृत्यूची रजिस्टरं आमच्याकडे लाल फडक्यांत बांधून पडलेली होती, तीही मोडीत. मोडी वाचणारं कचेरीत कोणी उरलं नव्हतं. धोंडूभाऊ ती एका म्हाताऱ्या मास्तरांकडून शिकून आले होते, त्यामुळे दाखल्याला कोणी आलं की आमचे साहेबच म्हणत, "कंडक्टरना बोलवा."

पण त्यांना विचारलं तेवढंच सांगायची सवय नव्हती. तुडीलच्या एका चाचांना पासपोर्टसाठी आजोबांची नोंद हवी होती. धोंडूभाऊंनी ती काढून दिली आणि म्हणाले, "चाचा, तुमचे आजे तुडीलकर नव्हतेच. इथं तांडेल लिवलंय. गलबतावरनं उतरले नि तुडीलकर झाले." चाचा दुबईला जायचे ते आठवडाभर आमच्याकडे चकरा मारत राहिले, त्याच्याही मागे काय आहे ते बघायला. पोलादपूरला एका साखरपुड्यात तर पेढा तोंडात असतानाच त्यांनी जाहीर केलं, की मुलाचे आणि मुलीचे पणजे सख्खे भाऊ, एकजण मुंबईला जाऊन गावाचं नाव लावून बसला एवढंच. लग्न मोडलं. धोंडूभाऊंना त्यानंतर कोणी आमंत्रण दिल्याचं मला आठवत नाही.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण त्यांचं वाचन मला सोसायचं नाही.

त्या रजिस्टरांत बाळांना नावं नसत. बारशाच्या आधीच नोंद व्हायची, म्हणून नुसतं 'पुरुष' नाहीतर 'स्त्री', बापाचं नाव आणि तारीख. चार पानं उलटली की मरणाच्या नोंदींत तेच बाळ, तसंच बिननावाचं. धोंडूभाऊ जन्माच्या नोंदीवर बोट ठेवून म्हणत, "चढली." मरणाच्या नोंदीवर, "उतरली." एका दुपारी मी डबा खाऊन परत येत होतो. वीज गेलेली. बंद दाराआडून ऐकू येत होतं, "चढला. उतरला. चढली. उतरली." मग बराच वेळ काहीच नाही. मग अगदी खालच्या आवाजात, "मागं सरका. जागा करा."

मी दार ढकललं. आत ते एकटेच होते, भिंतीला पाठ लावून, अंग चोरून उभे. मी खुर्चीत बसलो खरा, पण पाठ टेकायचा धीर होईना. शेवटी विचारलं, "धोंडूभाऊ, तुम्ही नक्की कोणाला शोधताय?"

त्यांनी चष्मा काढला आणि उजव्या नाकपुडीवरचं बुजलेलं भोक दाखवलं.

"पोरं जगत नसली, की पुढच्याचं नाक टोचायचं, दगड-धोंड्याचं नाव ठेवायचं नि दुसऱ्या घरी विकायचं. सूपभर भात घ्यायचा, पोर द्यायचं. आडनाव बदललं, की मग ती आली तरी तिला घर गावत नाय."

ती कोण, हे मी विचारलं नाही.

"कदमांची आय मरताना बोलली, तू घेतलेला हायस. कुणाकडनं, ते सांगायच्या आधीच गेली. गावात विचारलं तर म्हातारी माणसं तोंडावर हात ठेवतात. नाव घेतलं तर ती मागावर येल म्हणतात. साठीला आलो, भाऊसाहेब. आता येवदे आली तर. पण मी कुणाच्या पोटचा, ते मला कळाया हवं."

त्या दिवसापासून मीही गठ्ठे सोडायला लागलो. निम्म्या वह्या वाळवीने खाल्लेल्या, गावांची सरमिसळ झालेली. वर्ष गेलं. मग एका सकाळी त्यांचं बोट एका पानावर थांबलं आणि उचललंच गेलं नाही.

त्यांच्याच गावातलं उतेकरांचं घर. तीन चढले होते, तिन्ही उतरले होते. चौथा पुरुष, धोंडूभाऊंच्याच सालचा. त्याच्या उतरण्याची नोंद नव्हती. शेऱ्याच्या रकान्यात कोतवालाने लिहून ठेवलं होतं, 'कदमांस दिला.'

मला इतका आनंद झाला की मी लगेच कागद ओढला. "अर्ज करू. रीतसर आडनाव बदलून घेऊ."

त्यांनी ते बोट आता कुठे पानावरून उचललं. मग म्हणाले, "उतेकरीण माझ्या गाडीला यायची. दर बाजाराला आमच्या फाट्यावर चढायची, महाडला उतरायची. बाजार नाय, काय नाय. डेपोत बाकड्यावर बसायची नि माझी गाडी परत निघाली की तिच्यात चढायची. तिकीट घेताना कधी वर बघितलं नाय. मी खेकसायचो तिच्यावर. म्हातारे, रिकामी कशाला फिरतेस गो, म्हणायचो."

"किती वर्षं?"

"मरेस्तोवर."

कागद मी बाजूला ठेवला.

"आडनाव नको," ते म्हणाले. "जन्मभर तिनं मला हाक मारली नाय, मी जगावा म्हणून. ते आता मी मोडू? फक्त तिची मरणाची नोंद काढा. गावात सगळी तिला उतेकरीणच म्हणायची. तिचं नाव काय, तेवढं बघायचंय."

ती वही अलीकडची होती, देवनागरीतली. मी पान काढून पुढे सरकवलं. धोंडूभाऊ वाकले. नाव त्यांनी दोनदा वाचलं असावं. ओठ हलले, पण आवाज त्यांनी बाहेर पडू दिला नाही.