वच्छीकाकीचं अपील

आमच्या मिरकरवाड्यात मासळी घेताना गिऱ्हाइकाची उलटतपासणी व्हायची, ती फक्त वच्छीकाकीच्या पाटीसमोर. कोणी बांगडा महाग म्हटला की ती हात वर करायची. "हरकत आहे! काल कितीला घेतलात? तेवढंच बोला." कोणी शिळा म्हटला तर "पुरावा काय?" असं विचारून कल्ले उघडून त्याच्या नाकासमोर धरायची.

ही भाषा तिने हौसेनं उचललेली नव्हती. तिचा एकुलता एक दिलीप नऊ वर्षं तुरुंगात होता. जेटीवर जाळ्यावरून भांडण झालं, त्याने आपल्याच बोटीवरच्या अनंताला ढकललं. अनंताचं डोकं लोखंडी खुंटावर आपटलं आणि तिसऱ्या दिवशी तो गेला. सेशन कोर्टाने खून धरून जन्मठेप दिली, वर अनंताच्या बायकोला, शेवंतीला, भरपाई द्यायला सांगितली. दिलीपचं अपील हायकोर्टात गेलं. भरपाई कमी पडते म्हणून शेवंतीचंही गेलं.

मी काकीचा शेजारी, निवृत्त शिक्षक. त्यामुळे सेशन कोर्टाचा निकाल वाचून दाखवायचं काम माझ्याकडे. तिला अक्षरओळख नव्हती, पण पानं डागांवरून पाठ होती. "हळदीच्या डागाचं पान काढा गुरुजी, तिथं डाक्टर बोलतो. तेलकट पान नको, तिथं सगळे खोटं बोलतात." एकदा मुंबईला भर कोर्टात वकिलाला पान सापडेना, तर ही मागच्या बाकावरून ओरडली, "साहेब, चहा सांडलेलं!" वकिलाच्या प्रतीवर चहा सांडलेला नव्हता, हे तिला शेवटपर्यंत पटलं नाही.

तारखेहून परत आली की मी विचारायचो, "काय झालं?"

"तहकूब."

त्या दिवशी ती दिलीपच्या आवडीच्या सौंदाळे मासळीचं कालवण करायची. स्वतः तोंडाला लावायची नाही. पातेलं आमच्याकडे आणून समोर बसायची. "जेवा गुरुजी. कोणीतरी खाताना बघू दे."

गेल्या वर्षी एका दुपारी वकिलाचा फोन माझ्या मोबाइलवर आला. हायकोर्टाने खून मानला नव्हता. जीव घ्यायचा हेतू नव्हता, म्हणून सदोष मनुष्यवध. भोगली तेवढी शिक्षा पुरे, सोडून द्या. शेवंतीची भरपाई मात्र वाढवली होती.

मला वाटलं, काकी आता रडेल. ती म्हणाली, "वाढवली ती बरी केली. बोटीतला आमचा वाटा विकून भरीन." मग पदर खोचून उभी राहिली. "चला माज्यासंगती. एकटीचा पाय उचलत नाय."

शेवंतीचं घर दोन गल्ल्या पलीकडे. नऊ वर्षांत काकी त्या वाटेला गेली नव्हती. शेवंती ओटीवर कोळंबी सोलत होती. आम्हाला बघून तिने मान खाली घातली.

"दिलीप सुटला गो," काकी म्हणाली.

शेवंतीचा हात थांबला. "कधी येतोय?"

"सोमवारी." काकी ओटीपाशी आली. "माजा येतोय. तुजा कुठल्या कोर्टात मागू गो बाय?"

काकी तशीच जमिनीवर बसली, टोपलीतली मूठभर कोळंबी पुढ्यात घेतली आणि सोलू लागली. दोघींनी मिळून अर्धी टोपली सोलली. मग शेवंतीने मान वर न करताच आपल्या खालचा पाट काढला आणि काकीकडे सरकवला.