दोन डिस्का आणि दिल्लीची वॅगन

कोणतीही महत्त्वाची गोष्ट एका जागी ठेवू नये, दोन जागी ठेवावी, हे सहकाराचे मूलतत्त्व आहे. म्हणूनच सहकारी संस्थेच्या तिजोरीला दोन कुलपे असतात, हिशेबाला दोन तपासनीस असतात आणि गट तर दोन असतातच. (ज्या संस्थेत एकच गट असतो ती बहुधा कागदावरच असते.)

नशिराबादच्या बाजूच्या एका फळविक्री सोसायटीत हे तत्त्व पूर्णत्वाला गेले होते. सत्ताधारी गट चेअरमन रुपचंद आबांचा, विरोधी गट माजी चेअरमन जीवराम नानांचा. पंधरा ऑगस्टला झेंडा एकच असे, पण दोरीला दोघांचे हात. सेक्रेटरी रतिलाल मात्र कोणाच्याच गटात नव्हता. तीस वर्षे दोन्हीकडचा चहा पिऊन कोणाचा गोड, हे त्याने कधी तोंडातून काढले नव्हते. निवृत्ती जवळ आली होती आणि त्याला दोनच गोष्टी हव्या होत्या. एक, कोणाच्याही गटात न सापडता घरी जाणे. दुसरी, थोरल्या बहिणीची, भागाबाईची केळी वेळेत दिल्लीच्या वॅगनमध्ये चढवणे. भागाबाईचे सगळे वर्ष त्या एका बागेवर, आणि घड कापणीला आलेले. केळी कोणासाठी थांबत नाही. तिला ठराव लागू होत नाहीत.

वॅगनी कमी आणि बागा जास्त, म्हणून सभासदांच्या पाळ्या लागत. अठ्ठ्याण्णव साली या पाळ्या संगणकावर घ्यायचे ठरले. धुळ्याहून अभिमन नावाचा इंजिनिअर एक लहानसा संगणक घेऊन आला. त्यावर लिनक्स नावाची प्रणाली होती आणि ती फुकट होती. फुकट म्हटल्यावर संचालक मंडळ सावध झाले व नियमाप्रमाणे तीन दरपत्रके मागवण्यात आली. दोघांनी शून्य भरले. तिसऱ्याने शून्य भरून हमाली वेगळी लावली. (तो नामंजूर झाला.)

मग अभिमनने ‘रेड’ नावाची योजना मांडली. (शब्द ऐकताच दोन संचालक मागच्या दाराने गेले. त्यांची समजूत घालून परत आणावे लागले.) यंत्रात दोन डिस्का बसवायच्या. एकीवर जे लिहाल ते त्याच क्षणी दुसरीवर उमटते, आरशासारखे. एक मेली तरी दुसरी काम चालवते.

“म्हणजे एक आबांची, एक आमची,” नाना म्हणाले.

“नाना, दोन्ही सोसायटीच्या.”

“तेच ते.”

ठराव एकमताने मंजूर झाला. दुखवट्याचे ठराव सोडले तर संस्थेच्या इतिहासात असे प्रथमच घडले. (दुखवट्यालाही एकदा दुरुस्ती सुचवली गेली होती.)

पहिल्याच संध्याकाळी अडचण आली. आपली डिस्क रात्रभर दुसऱ्या गटाच्या शेजारी सोडायची कशी? सुदैवाने डिस्का खणासारख्या ओढून काढता येत. आबा आपली डिस्क टॉवेलात गुंडाळून घरी नेऊ लागले, नाना जेवणाच्या डब्यातून. सकाळी ज्याची डिस्क आधी बसे, त्याच्या गटाची नावे त्या दिवशी वर सरकत. उशिरा आलेला आपली डिस्क बसवूच देत नसे, कारण आत असलेलीचा मजकूर मागून आलेलीवर चढतो, असे अभिमनने सांगून ठेवले होते. “त्यांचं आमच्यावर चढवायचं?” हा प्रश्न तांत्रिक नव्हता. महिन्याभरात दोन डिस्कांवर दोन सोसायट्या नांदू लागल्या. भागाबाईचे नाव मात्र दोन्हींवर रोज थोडे खाली घसरे. एवढ्या एका बाबतीत आरसा बिनचूक होता.

“रत्या, घड कवय कापू?” भागाबाईने दारात येऊन विचारले.

“अक्का, एका डिस्कवर तुझा नंबर...”

“माले डिस्क नको सांगू. वॅगन कवय शे?”

“गुरुवारले.”

“मंग बुधवारले कापस मी,” म्हणून ती गेली.

मंगळवारी सभा भरली. अभिमन म्हणाला, “कोणती तरी एक खरी धरा. दुसरीवर तिची नक्कल चढवतो.” बराच वेळ आरडाओरडा झाल्यावर सगळ्यांनी सेक्रेटरीकडे पाहिले. खरी कोणती?

“दोन्ही चांगल्या कंपनीच्या आहेत,” रतिलाल म्हणाला.

शेवटी तोडगा निघाला, आणि तो दोन्ही गटांनी मिळून काढला. तिसरी, नवी कोरी डिस्क आणावी आणि तिचीच नक्कल दोन्हींवर चढवावी.

“आबा, ती कोरी आहे!” अभिमन म्हणाला.

“म्हणूनच आणली. कोणाच्या गटाची नाही.”

“अहो, पण दोन्ही कोऱ्या होतील.”

“दोन्ही?” नानांनी खात्री करून घेतली. “आबांचीसुद्धा?”

“दोन्ही.”

“मग बरोबर आहे.”

रतिलालने तोंड उघडले. तळाला का होईना, बहिणीचा नंबर त्यांत होता. पण थांबा म्हणावे तर कोणाची डिस्क वाचवायला, हा प्रश्न लगेच आला असता. त्याने उघडलेल्या तोंडात सुपारी टाकली. दुपारपर्यंत दोन्ही डिस्का तंतोतंत सारख्या झाल्या. अभिमनने तपासून सांगितले, आता फरक शून्य टक्के. टाळ्या पडल्या.

गुरुवारी वॅगन लागली. पाळी कोणाची हे कोणालाच ठाऊक नव्हते. आबांचा माल नाना चढवू देईनात, नानांचा आबा. तेवढ्यात भागाबाईची गाडी आली. ती कोणाच्याच गटात नसल्यामुळे तिला अडवायचे काम नक्की कोणाचे, हे ठरेना. घड चढले, आणि वॅगन तिची केळी व बाकी हवा घेऊन दिल्लीला गेली. त्या आठवड्यात गावात शिकरणाशिवाय पान वाढले गेले नाही. शेवटी म्हशींनीही तोंड फिरवले.

सेक्रेटरी समोरच्या गटाचा आहे, असा अर्ज दोन्ही गटांनी दिला, तोही शब्दशः सारखा. आरसा पद्धत संस्थेत इतकी कधीच यशस्वी झाली नव्हती. अर्जांनी एकमेकांना खोडल्यामुळे चौकशी झाली नाही, आणि रतिलाल दोन सत्कारांचे दोन नारळ घेऊन घरी गेला. त्यातला एक भागाबाईने चटणीला घेतला.

जाताना अभिमनने बजावले होते, आरसा म्हणजे राखीव प्रत नव्हे. एक प्रत काढून कुठे तरी लांब ठेवा. सोसायटीने तेही मनावर घेतले. ही प्रत हल्ली संगणकाच्याच कपाटात वरच्या खणात असते. (दोन खणांत हातभर अंतर आहे. सभेने ते पुरेसे मानले.)

वाचकांनी हसायला हरकत नाही. फक्त कुलूप विकत घेताना दोन किल्ल्या मिळतात, एक हरवली तर दुसरी असावी म्हणून. आपल्या घराच्या कुलपाची ती दुसरी किल्ली कुठे आहे, तेवढे एकदा पाहावे. लांब जायला नको. खिशात हात घाला. पहिलीच्या शेजारीच आहे, त्याच कडीत.