गायरानातला खांब

झुंबरतात्यांच्या बांधाला लागून असलेल्या गायरानात एका सकाळी पांढरा खांब उभा दिसला. वर तीन वाट्या गरगर फिरत होत्या, खाली कुलूपबंद पेटी होती. अंथुर्ण्याजवळच्या त्या वाडीवर पंधरा दिवस पावसाचा थेंब नव्हता. तात्यांनी खांबाकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं आणि त्यांना सगळं कळलं.

"ढग पळवायचं यंत्र हाय," त्यांनी बायकोला सांगितलं.

"पाटी लावलीय की, हवामान केंद्र म्हणून," द्वारकाबाई म्हणाल्या.

"मग? ढग पळवायचं यंत्र अशी पाटी लावत्यात व्हय?"

असल्या बोलण्याला उत्तर नसतंच, आणि त्यातच खरी गोडी असते. ढग आपसूक निघून गेले, तर तात्या चार एकर उसाचे नुसते मालक. पण सरकारनं मुद्दाम त्यांच्याच उसावरचे ढग पळवले, तर तात्या केवढे मोठे!

त्यातच पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष निवडायचा होता. हे पद तीन वर्षं तात्यांना हुलकावणी देत होतं. यंदा त्यांनी आठ दिवस घरोघरी जाऊन खांबाचं गुपित सांगितलं. एरवी बारा डोकी जमायची तिथं दीडशे माणसं लोटली.

तात्या उठले. "गावातल्याच कुणीतरी ह्या खांबाला गुपचूप मंजुरी दिलीय. त्या फितुराचं नाव वाचा! त्याला समितीत पाय ठिवू द्यायचा न्हाय!"

टाळ्या पडल्या. ग्रामसेविका सोनलनं ठराववही उघडली. "ठराव क्रमांक नऊ. हवामान केंद्रास गायरानात जागा देणे. सूचक..." ती अडखळली. "तात्या, वाचू ना?"

"वाचा की! भिताय कुणाला?"

"सूचक, श्री. झुंबर..."

शिपाई रामहरी खाली मान घालून पुढं झाला. "सभेला माणसं भरत न्हाईत, म्हणून मी मागनं वही घिऊन सह्या गोळा करतो. तात्या म्हशीची धार काढत हुते. म्हणले, आण हिकडं. ह्यो बघा दुधाचा डाग."

अध्यक्षपद गेलं, वर फितूर म्हणून शिक्का बसला. त्यांना फार वाईट वाटलं. "आरं, न वाचता सही केली मी," ते खरं काय ते बोलून मोकळे झाले.

तेवढ्यात बापूसाहेब उठले. तात्यांचं त्यांना आजवर काहीच पटलं नव्हतं.

"म्हंजी तात्या, तुमी सरकारच्या आतल्या गोटातलं! आन आमाला पत्ता लागू दिला न्हाय?"

"न्हाय ओ, मी धार काढत..."

"व्हय, व्हय. भाईर असंच सांगायचं," म्हणत बापूसाहेबांनी डोळा मारला. एवढा वजनदार माणूस गावाला परत कुठला मिळणार? तात्या एकमतानं अध्यक्ष झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यांच्या अंगणात समितीपुढं पहिला तंटा आला.

"तात्या, डाळिंब फुलात हाय, पावसानं फूल गळंल, महिनाभर ढग सोडू नका," संभाजी म्हणाला.

"आन आमचा ऊस वाळू द्यायचा व्हय?" बापूसाहेब त्याच्या अंगावर धावून गेले.

दोघांना कसंबसं वाटेला लावून तात्या आत आले. द्वारकाबाईंनी चहा पुढं केला.

"खरं काय ते सांगून टाका की एकदाचं."

"सांगितलं," तात्या कपाळाला हात लावून म्हणाले. "म्हणून तर अध्यक्ष केलं."