साहेबबुवांचं कीर्तन

"ऐकायची परीक्षा? हात्तिच्या!" आत्माराम म्हणाला. "कीर्तनाला पहिल्या रांगेत बसून वाढलेले कान आहेत हे! साहेब बोलून दमेल, मी ऐकून दमायचा नाही!"

खलाशी आत्मारामसाठी परदेशी बोटीवर बढतीची जागा होती आणि त्यासाठी इंग्रजीची परीक्षा. टेपवर साहेब बोलणार, मध्ये थांबणार, तेवढ्यात उत्तर लिहायचं. आत्मारामने मस्कतच्या मेव्हण्याकडून टेपरेकॉर्डर आणि सरावाची कॅसेट मागवली, ओटीवर पाटावर मांडली. पण इंग्रजी कानावरून ओल्या बांगड्यासारखं सटकायचं!

"समोर माणसं नाहीत, रंग कसा भरेल?" म्हणत त्याच्या बायकोने, सावित्रीने, टेपला झेंडूचा हार घातला. झालं! हार बघून शेजारच्या यमुनाबाई आल्या, मागोमाग आळीतला लवू झांज घेऊन.

"कोण गो हे बुवा?"

"साहेबबुवा."

"गळा बरा आहे. आख्यान कसलं?"

"स्टेशनवर बॅग हरवली," आत्माराम म्हणाला.

"सीतामाई सापडली, बॅग कुठे जातेय!"

साहेब थांबला आणि लवूचा हात राहीना. बुवांनी दम घेतला की श्रोत्यांनी गजर धरायचा, ही रीतच! "जय जय राम कृष्ण हरी!" अख्खी ओटी दुमदुमली. आणि नवल बघा, त्या गजरात आत्मारामला उत्तर सुचलं! नामाने डोकं मोकळं होतं, हे अनुभवल्याशिवाय कळायचं नाही.

कॅसेट संपली, तरी कोणी उठेना. आरतीशिवाय कीर्तनातून उठतं कोण? सावित्रीने टेपला ओवाळलं, खोबरं-साखर वाटली. मग रोज संध्याकाळी हेच!

परीक्षा रत्नागिरीतच, एका शाळेच्या हॉलमध्ये होती. साहेब बोलला, थांबला. हॉल चिडीचूप! आत्मारामचं डोकं पोकळ नारळासारखं. दुसरा प्रश्नही गेला. बढती बंदराबाहेर निघाली! तिसऱ्याला ओठांतून आपसूक निघालं, "जय जय..."

शेजारी हेदवीचा महिपत, देवळातल्या उत्सवांत वाढलेला. त्याने बाकावर ठेका धरला. मागच्या रांगेने "राम कृष्ण हरी" उचललं आणि बघता बघता हॉल रंगला!

"सायलेन्स!" परीक्षकांनी टेप बंद केला. "कोणी सुरू केलं हे?"

आत्माराम उभा राहिला. "मी, सर. साहेबांनी दम घेतला, म्हणून गजर धरला. त्याशिवाय उत्तर सुचत नाही!"

"असं? मग काय सुचलं?"

"दुकान पावणेसहाला बंद होतं, सर!"

उत्तर बरोबर होतं! परीक्षकांची मिशी हलली. हसू आवरत ते म्हणाले, "पुन्हा पहिल्यापासून लावतो. गजर मनातल्या मनात! आवाज आला, तर सगळे नापास!"

आत्माराम पास झाला.

निघायच्या दिवशी सगळी आळी एस.टी. स्टँडवर लोटली. यमुनाबाई पदराने डोळे पुसत होत्या.

"रडू नका हो काकी. वर्षभरात येतो."

"तू ये रे बाबा सावकाश! पण साहेबबुवांना कुठे नेतोस? आज कीर्तन कोण करणार?"

आत्मारामने पिशवीतून टेप काढून दिला.

गाडी सुटली. त्याने खिडकीतून मागे पाहिलं. आळी टेप घेऊन घाईघाईने घराकडे निघाली होती. कीर्तनाची वेळ झाली होती ना! सावित्रीने तेवढा वळून हात हलवला, तोही आरती ओवाळल्यासारखा.