विहीणबाई आणि पफिनची पिल्लं

"विहीणबाईवर छाप पाडायचं काम माझ्यावर सोडा!" ब्रांदुर छाती ठोकून म्हणाला. "उद्या संध्याकाळच्या आत ती स्वतः म्हणते की नाही बघ, पोरांनी इथंच राहायचं!"

"तू नुसता गप्प बसलास तरी पुष्कळ होईल," त्याची बायको लौगा म्हणाली.

गप्प बसणं आमच्या ब्रांदुरच्या रक्तातच नाही. त्यातून प्रसंग बाका! त्याची एकुलती एक लेक हेर्डिस रेन्झोशी लग्न करणार होती. रेन्झो मूळचा नेपल्सचा, आता आमच्या मासळीच्या कारखान्यात कामाला. पोरगा सोन्यासारखा, पण त्याची विधवा आई, इमाकोलाताबाई, तिकडे एकटी. तिला बेट आवडलं तर ती इकडे येणार आणि सगळी इथंच राहणार. नाही आवडलं तर रेन्झो आईपाशी परत, आणि हेर्डिस त्याच्याबरोबर! आमचं बेट म्हणजे आइसलँडच्याही खाली, भर समुद्रात. लेक एकदा नेपल्सला गेली की वर्षाकाठी दिसली तर दिसली. ब्रांदुर वरून फुशारक्या मारत होता, पण आतून त्याचा जीव टांगणीला लागला होता.

विहीणबाई बोटीतून उतरल्या त्या ओकून ओकून हिरव्या पडलेल्या. धक्क्यावर पाय ठेवला आणि वाऱ्याने त्यांची टोपी थेट समुद्रात!

"आई विचारतेय, इथं रोज एवढा वारा असतो?" रेन्झोने चाचरत विचारलं.

"छे छे! आज तर पडलाय!" ब्रांदुर अभिमानाने म्हणाला.

लौगाने त्याला कोपराने ढोसलं, पण बोलून झालं होतं.

रात्री त्याने ठेवणीतला पदार्थ काढला. धुरावलेलं पफिन! बाईंनी चवीने खाल्लं, पुन्हा वाढून घेतलं आणि हे मांस कसलं म्हणून विचारलं. ब्रांदुरने भिंतीवरच्या पफिन पक्ष्याच्या फोटोकडे बोट दाखवलं. गोबरे गाल, रंगीत चोच, आणि आत्ता रडेल असे डोळे! बाईंनी हातातला घास खाली ठेवला. डोळ्यांत पाणी आलं.

"बघितलंस? गहिवरून आलं तिला!" ब्रांदुर बायकोच्या कानात पुटपुटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाकीचे कामावर गेले, दुभाष्या रेन्झोसकट, आणि विहीणबाई ब्रांदुरच्या ताब्यात आल्या. इथेच सगळं बिनसलं.

आता आमच्याकडे ऑगस्ट सरता सरता पफिनची पिल्लं बिळांतून निघतात. जायचं असतं समुद्राकडे, पण गावातल्या दिव्यांना भुलून येऊन पडतात आमच्या रस्त्यांवर. ती गोळा करून खोक्यात ठेवायची आणि दिवसा कड्यावरून समुद्राकडे भिरकावायची, म्हणजे ती उडून जातात. पिल्लू असताना वाचवायचं, मोठं झालं की खायचं! यात काही विचित्र आहे असं आमच्यातल्या कुणाला आजवर वाटलेलं नाही. ब्रांदुरलाच कुठून वाटणार?

हेर्डिसने गोळा केलेल्या पिल्लांचा खोका दाराशीच होता. पिल्लू फेकायचा मान विहीणबाईंना द्यायचा असं ब्रांदुरने ठरवलं. बाईंना गाडीत बसवून खोका त्यांच्या मांडीवर दिला. त्यांनी झाकण उचललं. आत तीन पिल्लं, तेच गोबरे गाल! बाईंनी दचकून त्याच्याकडे पाहिलं. त्याला वाटलं, ही उपाशी दिसतेय. म्हणून त्याने आपुलकीने पोटावरून हात फिरवून, न्याहारी नीट झाली ना, असं खुणेने विचारलं.

बाईंनी झाकण घट्ट लावलं आणि खोका छातीशी धरला.

कड्यावर पावसाची भुरभुर, आणि वारा असा की उभं राहवेना. ब्रांदुरने गोड हसून खोक्यातलं एक पिल्लू उचललं, दोन्ही हात पायांमधून मागे नेले आणि दिलं जोरात भिरकावून! पिल्लू कड्याखाली दिसेनासं झालं. ब्रांदुरने हात झटकले आणि मोठ्या अदबीने खुणावलं, आता आपण!

बाईंनी जी किंकाळी फोडली, तिचा अर्थ सांगायला रेन्झोची गरज नव्हती. खोका कवटाळून त्या गाडीकडे धावल्या. आमच्याकडे किल्ली गाडीतच ठेवतात. चोर गाडी नेणार कुठे? रस्ता संपला की समुद्र! बाईंनी गाडी सुरू केली आणि भन्नाट सोडली.

"अगं थांब! अगं, उडतात ती!" ब्रांदुर मागून ओरडला. फोनही गाडीतच राहिलेला! तो धापा टाकत गावापर्यंत पळत आला, तर पोस्टाच्या दारात लौगा.

"ती कुठंय?"

"गाडी घेऊन गेली!"

"आणि पिल्लं?"

"तीही नेली!"

"अरे, केलंस तरी काय तू तिला?"

"मान दिला!" ब्रांदुर रडकुंडीला आला होता.

खाली धक्क्यावर त्याची गाडी दार उघडं टाकून उभी होती आणि बोटीचा भोंगा वाजत होता. बाई गेली, म्हणजे हेर्डिस गेली! उतारावरून तो जिवाच्या आकांताने सुटला आणि फळी उचलता उचलता त्याने बोटीवर उडी घेतली.

बाई वरच्या डेकवर, अगदी कठड्याशी होत्या. तो दिसताच, त्याच्या हाती लागू नये म्हणून त्यांनी खोका कठड्याबाहेर धरला. बोट हेलकावे खात होती. जवळ जावं तर त्या घाबरून मागे सरणार आणि तोल जाणार! ब्रांदुर होता तिथेच गुडघे टेकून बसला. हात जोडले. पावसाची भुरभुर चालूच होती. पुठ्ठ्याचा खोका तो, भिजून भिजून किती टिकणार?

बूड फाटलं! दोन्ही पिल्लं खाली!

बाईंनी डोळे गच्च मिटले. ब्रांदुरने धावत जाऊन त्यांचा दंड धरला आणि खाली बोट दाखवलं. त्यांनी एक डोळा उघडला. एक पिल्लू पंख फडफडवत लाटांवरून लांब निघालं होतं. दुसऱ्याने पाण्यात बुडी मारली, पलीकडे डोकं वर काढलं आणि ऐटीत पोहू लागलं.

बाई बघतच राहिल्या. मग फाटका खोका छातीशी धरून हुंदके देत रडल्या, आणि लगेच ब्रांदुरच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. त्याच बोटीने दोघं परत आली. येताना बाई एकदाही ओकल्या नाहीत, खुणांनी एकच विचारत होत्या, अजून पिल्लं कुठे सापडतील?

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर रेन्झो उठून उभा राहिला. "आई म्हणतेय, ती आता इथंच राहणार. कायमची! तिला दरवर्षी पिल्लं सोडायची आहेत."

ब्रांदुरने टेबलावर मूठ आपटली. "जिंकलो!" लौगासुद्धा चक्क त्याच्याकडे कौतुकाने बघत होती.

हेर्डिसने धावत येऊन बापाच्या गळ्यात हात टाकले. "बाबा, तू तर आमची काळजीच मिटवलीस! मला नेपल्स फार आवडतं रे, नको होतं ते सासूच्या हाताखाली राहणं. आणि रेन्झोचा जीव आईत अडकलेला. आता ती इथं, सोबतीला तुम्ही दोघं, आणि तिकडे तिचं अख्खं घर रिकामं! आम्ही पुढच्या महिन्यातच निघतो."

ब्रांदुरने टेबलावरची मूठ हळूच खाली घेतली.

"आणि बाबा," हेर्डिस लाडाने म्हणाली, "इमाकोलाताला तुमची खोली द्या हं. तिथून समुद्र छान दिसतो."