राखाडी ढोली

रविवारी सकाळी चर्चमागच्या राखेच्या ढिगात ओपल खारीने धाकट्या अमोसला तिसऱ्यांदा लोळवलं. तिची दोन पिल्लं राखाडी, आणि हा त्याच पोटचा, पण काळाकुळकुळीत. देवाने रंग देताना आईला विचारलं नव्हतं. जुन्या ओक झाडाच्या ढोलीत हिवाळाभर एकमेकांना चिकटून निजायचा मान मात्र फक्त राखाड्यांचा. बाहेर राहिलेलं पिल्लू वसंत पाहत नाही.

“आई, नाकात जातंय.”

“जाऊ दे. जीव तर राहील!”

ढोलीच्या तोंडाशी पंच व्हर्जिलकाका बसले होते. “काय गं ओपल, पोरगं जरा जास्तच राखाडी दिसतंय?”

“माझ्यावर गेलंय, काका.”

तेवढ्यात अमोस शिंकला. राख उडाली, नाक उघडं पडलं.

“काळा! अगं बाई, काळा!” एकच कालवा झाला.

“ह्याचं नाक दिसलं,” म्हातारी कोरा आतून खेकसली, “बाकीच्यांचं कोणी बघितलंय? धुवा म्हणावं सगळ्यांना!”

नाही म्हणेल तोच संशयित. म्हणून सगळे निमूट चर्चच्या पन्हाळीतून पडणाऱ्या पाण्याच्या धारेखाली गेले. आधी काकांचा जावई काळा निघाला. मग त्याला हसणारा. मग खुद्द कोरा. इतकी वर्षं राख फासून ती बिचारी विसरूनच गेली होती.

“मला पडसं आहे,” म्हणत काका मागे सरकले. बायकोने ढकललं. काका शेपटीच्या टोकापर्यंत काळे!

कोणी कोणाकडे बघेना. चर्चमध्ये पाद्रीबाबा प्रवचन गात होते, ‘या रे, सगळे या,’ आणि मंडळी ‘आमेन’ म्हणत सूर धरत होती. ओपलच्या डोळ्यांना धार लागली. “काका, आता तरी घ्याल ना लेकराला आत?”

काका खाकरले. “ठराव तो ठराव, बाई. ज्याने त्याने राख लावून यावं.”

रांग लागली. मोठे पुढे, लहान मागे. ओल्या अंगाला राख दुप्पट लागते. अमोसची पाळी आली तेव्हा खाली नुसती माती होती.

“वाईट वाटतं गं,” ताजे राखाडी झालेले काका म्हणाले, “पण नियम काय मी एकट्याने केलाय?”

ओपलने दोन्ही पिल्लं आत ढकलली आणि पाठ फिरवली.

“अगं, तू तर अस्सल राखाडी आहेस, तू ये की!” कोरा म्हणाली.

ती गेली नाही. वरच्या फांदीवर अमोसभोवती शेपटी गुंडाळून बसली.

दुपारी हिम पडू लागलं. आतून बघणाऱ्यांना काळा कुठला, राखाडी कुठली, हे थोडा वेळ ओळखू येत होतं. संध्याकाळी फांदीवर एकच पांढरा गोळा होता.