नव्या नवऱ्याची ड्यूटी

सौदीतल्या अल खफजीच्या आमच्या कॅम्पात कोणाचं लग्न ठरलं, की बाकीचे मुलीचं शिक्षण विचारतात. रूबेनकाका विचारतात, "तिनं ड्रायव्हरला पाणी विचारलं का?"

काका नगरचे मराठी ख्रिस्ती. तेल कंपनीच्या क्रेन विभागात माझे सीनियर आणि बायबलातल्या जुन्या कराराचे स्वयंघोषित वकील. "अब्राहामाच्या नोकरानं इसहाकासाठी मुलगी कशी पारखली? विहिरीवर पाणी मागितलं. रिबेकानं त्याला दिलंच, वर कुणी न सांगता त्याच्या उंटांनाही पाजलं. रीतीमागं कारण असतं, बाबा!"

आम्ही हसायचो. पण नाशिकला कांदेपोह्यांच्या वेळी मी मुलगी सोडून आमच्या गाडीच्या ड्रायव्हरकडेच बघत बसलो होतो. मेघनानं त्याला पाणीच काय, पोहेही दिले. काकांनी फोनवरच लग्न मंजूर करून टाकलं.

मेघना खफजीला आली आणि आठवड्याच्या आत समुद्रातल्या प्लॅटफॉर्मच्या ड्यूटीवर माझं नाव लागलं. महिनाभर. तिला इथं कोणी ओळखीचं नाही, अरबीचा गंध नाही. मी मुकाट बॅग भरायला घेतली. काका मात्र थेट सुपरवायझरच्या केबिनमध्ये शिरले. मी मागोमाग.

"साहब, हमारे शास्त्र में नया दूल्हा लड़ाई पे भी नहीं जाता. एक साल घर पे. बीवी को खुश रखना, यही उसका ड्यूटी."

"चाचा, ये लड़ाई नहीं, प्लॅटफॉर्म है."

"फिर तो और आसान है. नहीं भेजने का."

"किसी को तो जाना पड़ेगा ना!"

"मेरा नाम लिखो. खलास."

बोट नुसती हलली तरी काकांना उलट्या होतात. किती अर्ज-विनंत्या करून त्यांनी किनाऱ्यावरचं काम मिळवलं होतं! मी खूप विरोध केला, पण ऐकतील तर काका कसले.

धक्क्यावर मी त्यांची बॅग बोटीत ठेवली. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "काका, तुम्ही घेतलं होतं का हे घरचं वर्ष?"

"मी? अंगावरची हळद उतरायच्या आत विमानात बसलो. इकाम्याची मुदत संपत होती, उशीर झाला असता तर इथं राहायचा परवानाच गेला असता." त्यांनी उलटीची गोळी तोंडात टाकली. "काकू फार चांगली आहे तुझी. सुट्टीत घरी गेलो की दारात पाणी घेऊन उभी असते."

"मग?"

"अजून पाहुण्यांच्या पेल्यातच देते रे."

आणि बोटवाल्याला म्हणाले, "यल्ला, चलो."